भोपाळला जाताना प्रिंटर न्या

पावसाळा सुरू झाला की कॉलेजच्या ग्रुपवर ती पोस्टरं फिरायला लागतात. वर इंद्रधनुष्याची पट्टी, खाली "स्वयंसेवक हवेत", चार दिवस, राहण्या-जेवणाची सोय, शेवटी प्रमाणपत्र. यंदाचं भोपाळचं पोस्टर मला सहा जणांनी पाठवलं. "दादा, तू गेला होतास ना? जाऊ का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जा. पण या ट्रिपा ज्या पद्धतीने आखल्या जातात, तशा जाऊ नका. दोन दिवस "जनजागृती", एक दिवस सांची किंवा भीमबेटका, एक दिवस तलावाकाठी बॅनर धरून फोटो, हा जो ठरलेला साचा आहे, त्यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं तरी कुणाचं काही अडणार नाही. ज्या एका कामाने तिथल्या माणसांचं खरंच काही अडत होतं, ते काम आमच्या वेळापत्रकात "इतर उपक्रम" या नावाखाली दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते पाच असं लिहिलेलं होतं. आणि ज्या गोष्टीने आमच्यातल्या एकाचं वर्ष गेलं, ती वेळापत्रकात सगळ्यात ठळक अक्षरांत होती. दोन्ही सांगतो.

आम्ही २०२२ च्या ऑगस्टात गेलो, राखीनंतर. नागपूरहून अकरा जण, बहुतेक एमएसडब्ल्यूची मुलंमुली, तीन इंजिनिअरिंगची. त्यातले चौघे-पाच आपल्यातलेच, बाकीचे मित्र म्हणून आलेले. नेणारी संस्था एलजीबीटी हक्कांवर काम करणारी, नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. गाडी सहा तासांची. आम्हा नागपूरकरांना भोपाळ परकं वाटत नाही. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती, ती तिकडे गेली एवढंच. हिंदी येते, पोहे तिथेही मिळतात, फक्त सोबत जिलेबी देतात आणि चहात मीठ घालतात. सुलेमानी चहा म्हणतात त्याला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्या दिवशी आपणच मागतो.

गाडीत आम्हाला एक फाइल दिली होती. त्यात "भोपाळमधील तृतीयपंथी समुदाय हक्कांबाबत अनभिज्ञ असून" असं पहिलंच वाक्य. मला तेव्हाच हसू आलं होतं. मध्य प्रदेश म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. आपल्या मुंबईतला पहिला क्विअर आझादी मार्च १६ ऑगस्ट २००८ चा. त्याच्या कितीतरी आधी, २००० च्या सुमारास, याच राज्यात सोहागपूरमधून शबनम मौसी आमदार म्हणून निवडून आल्या होत्या. कटनीला कमला जान महापौर झाल्या. सागरला २००९ मध्ये कमला बुआ. लोकांनी मतं देऊन निवडलं होतं यांना, कुणी नेमलं नव्हतं.

आणि पुढचं ऐका. कटनीची जागा महिलांसाठी राखीव होती. कमला जान कायद्याने "पुरुष" आहेत, सबब त्या जागेवर बसू शकत नाहीत, असं म्हणून २००२ मध्ये कोर्टाने निवडणूक रद्द केली आणि २००३ मध्ये हायकोर्टाने तेच कायम केलं. सागरची निवडणूकही पुढे कोर्टात गेली आणि रद्द झाली. लोक मान्य करतात, कागद मान्य करत नाही. सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल, ज्यात माणूस स्वतःला जे मानतो तीच त्याची ओळख असं म्हटलं, तो १५ एप्रिल २०१४ चा. कटनीच्या मतदारांना ते चौदा वर्षं आधी कळलं होतं. तेव्हा तिकडे जाऊन "तुमचे हक्क" या विषयावर स्लाइड दाखवायच्या, म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाची माहिती सांगण्यासारखं आहे.

तरी आम्ही दाखवल्या. पहिल्या दिवशी एका हॉलमध्ये. मंगळवारा आणि बुधवारा ही भोपाळच्या जुन्या शहरातली भाग, तिथे किन्नरांचे जुने डेरे आहेत. मंगळवाऱ्यात २०१७ मध्ये तृतीयपंथीयांसाठी वेगळं सार्वजनिक स्वच्छतागृह सुरू झालं, देशातलं पहिलं म्हणून त्याची बातमी झाली होती. तर तिथल्या वीस-बावीस जणी आल्या, मागच्या रांगेत बसल्या, लिंग आणि लिंगभाव यांतला फरक शांतपणे ऐकून घेतला. भुजरियांचे दिवस होते, त्यांना त्यांची तयारी होती. भुजरिया म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे कोवळे अंकुर. राखीच्या दुसऱ्या दिवशी बुंदेलखंडात ते एकमेकांना देतात. भोपाळमध्ये किन्नर मंडळी ते डोक्यावर घेऊन वाजतगाजत मिरवणूक काढतात. नवाबी काळात एकदा पाऊस पडेना, तेव्हा नवाबाने किन्नरांना दुआ मागायला सांगितलं आणि पाऊस आला, अशी गोष्ट तिथे सगळे सांगतात. त्या वर्षी दुआ मागायची गरज नव्हती, धो धो कोसळतच होता, भदभद्याची दारं उघडली होती. सांगायचा मुद्दा, ज्या शहरात पाऊस पाडायचं काम या लोकांकडे आहे तिथे आपण त्यांना "समाजात स्थान" म्हणजे काय ते शिकवत होतो.

स्लाइड संपल्यावर एका वयस्क गुरूंनी, सगळे त्यांना नानी म्हणायचे, एकच प्रश्न विचारला. "बेटा, वो कारड बनवा दोगे क्या?"

कार्ड म्हणजे २०१९ च्या कायद्याखालचं ओळखपत्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, नियम त्याच वर्षी सप्टेंबरात आले आणि नोव्हेंबरात राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं, जिल्हा दंडाधिकारी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देतात. तेव्हाचा नियम स्पष्ट होता, कसलीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी नव्हती. कार्यालयात जायचीसुद्धा गरज नव्हती. आपल्यातल्या अनेकांनी या कायद्याला विरोध केला होता, रस्त्यावर उतरून केला होता, आणि त्यातले बरेचसे आक्षेप मला आजही पटतात. नालसा म्हणतं स्वतःचा शब्द पुरे, आणि कायदा म्हणतो कलेक्टरचा शिक्का आणा. पण विरोध आपल्या जागी आणि नानींचा प्रश्न त्यांच्या जागी. त्याच ऑगस्टात केंद्राने आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा करार जाहीर केला, तोही हेच प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. ज्या बाईचे गुडघे गेलेत ती आधी कार्डच विचारणार.

दुसऱ्या दिवशी तीन ते पाचचा "इतर उपक्रम" रात्री साडेनऊला संपला. तिसऱ्या दिवशी सांचीची बस होती, आम्ही सात जण गेलो नाही. डेऱ्याच्या ओसरीत दोन लॅपटॉप, एक मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि फॉर्म.

फॉर्म भरणं हे काम किती खोल आहे ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. एकीचं आधारवर नाव जुनं, बँकेत नवं, रेशन कार्डावर नावच नाही. एकीचा फोन गुरूच्या नावावर. एकीकडे काहीच कागद नाही, सोळाव्या वर्षी अंगावरच्या कपड्यांवर घर सोडलेलं. प्रतिज्ञापत्र करायला गेलो तर नोटरीने आम्हाला एक दर सांगितला आणि मागे उभ्या असलेल्यांना पाहून दुसरा. प्रिंट काढायला चौकात जावं लागायचं, पावसात, प्रत्येक वेळी. दुकानदार एकेक कागद वर धरून वाचायचा आणि मग देणाऱ्याकडे बघायचा. नावं, जुनी नावं, बापाचं नाव, सगळं त्याच्या काउंटरवर उघडं. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, आपण बॅनरवर जेवढे पैसे घातले त्यात प्रिंटर आला असता. खरंच आला असता, मी नंतर किंमत पाहिली.

एका कार्यालयात तर बाबूने डॉक्टरचा दाखला मागितला. त्यासाठी मात्र आम्ही तयार होतो. नियमांची हिंदी प्रत काढून नेली होती, त्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली. त्याने वाचली, आत जाऊन आला, "हओ, ठीक है, छोड़ जाओ" म्हणाला. पाच मिनिटांचं काम. पण आमच्यासोबत आलेली बाई याच टेबलावरून याआधी दोनदा परत गेली होती. फरक कायद्याच्या ज्ञानाचा नव्हता, तिला नियम आमच्याइतकाच माहीत होता. फरक एवढाच की आमच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं. मला विचाराल तर विद्यार्थी स्वयंसेवकाचा खरा उपयोग हा आहे. आपलं शिकवणं नाही, आपलं सोबत उभं राहणं. ते लाजिरवाणं आहे, ओळखपत्र पाहून माणूस सरळ बोलतो हे, पण जोवर तसं आहे तोवर ते ओळखपत्र वापरून घ्यावं.

आता तिची गोष्ट. नाव लिहीत नाही, गावही नाही. वीसेक वर्षांची. आम्ही आपसात मराठीत बोलत होतो तेव्हा ती चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, "तुमी नागपूरचे काय जी?"

पांढुर्णा-सौंसर पट्टा छिंदवाड्याकडचा. नकाशात मध्य प्रदेश, बोली आपली. आमच्यापैकी वर्धेची एक मुलगी होती, दोघींचं असं जमलं की विचारू नका. पोळा, बडग्या-मारबत, सांडगे, सगळं निघालं. डेऱ्यात ती हिंदीच बोलायची. दोन वर्षांत मराठीत कुणाशी बोलली नव्हती.

तिला कार्ड हवं होतं, पण अर्ज करायला तयार नव्हती. कारण साधं होतं. ज्या जिल्ह्यात अर्ज करायचा तिथे सलग बारा महिने राहत असल्याचं दिसायला हवं. तिच्या आधारवर पत्ता गावाकडचा. पत्ता ऑनलाइन बदलायचा तर ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर तिच्या बापाचा.

"ओटीपी गेला त बापू फोन करीन. मले भेव नाई लागत त्याचं. पण मंग मायले बोलतीन सारे."

माय अधूनमधून शेजारणीच्या फोनवरून हिच्याशी बोलत होती, घरात कुणाला न सांगता. तो एक धागा होता. कार्डापायी तो तुटेल याची तिला भीती होती. आणि इथे मी पुण्या-मुंबईच्या माझ्या मित्रांशी भांडतो. "आउट" होणं म्हणजे एक दार उघडणं असं आपण धरून चालतो. तिच्या बाबतीत सगळ्या गावाला माहीत होतं ती काय आहे. लपवायचं होतं ते एवढंच, की आई अजून बोलते.

वाट होती. आधार केंद्रात स्वतः गेलं तर बोटांच्या ठशांवर नंबर आणि पत्ता दोन्ही बदलता येतात, ओटीपीची भानगड नाही. पत्त्यासाठी नगरसेवकाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला चालतो. हे आमच्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाला माहीत होतं, कारण त्याने हॉस्टेलसाठी स्वतःचा पत्ता तसाच बदलला होता. सगळ्या प्रशिक्षणाच्या फायलीत हा मुद्दा कुठे नव्हता.

नगरसेवकाचं नानींनी पाहिलं. नगरनिगमच्या निवडणुका जुलैत नुकत्याच झाल्या होत्या. "वोट माँगने तो ओसारी तक आया था," एवढं म्हणून त्यांनी चप्पल घातली.

पण दाखल्याच्या आधी नानींनी स्वतः एक रात्र घेतली. त्यांना विचारलं होतं की ही तुमच्याकडे राहते असं लिहून द्याल का. त्यांनी कागद हातात घेतला, परत ठेवला. "काग़ज़ पे क्या लिखोगे? मैं इसकी कौन?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण कायद्याकडेही नाही. कायद्याचं बारावं कलम वाचा. ट्रान्स व्यक्तीला आईवडिलांच्या घरी राहायचा हक्क आहे, आणि जवळचं कुटुंब सांभाळू शकत नसेल तर कोर्टाने तिला पुनर्वसन केंद्रात पाठवावं. म्हणजे एक तर जन्माचं घर, नाहीतर सरकारी केंद्र. मधे काहीच नाही. शेकडो वर्षं ज्या घरांनी टाकलेली पोरं आत घेतली, त्या घराला कायद्यात शब्द नाही. गुरू म्हणजे आई नाही, घरमालकीण नाही, मालकही नाही. मी डेऱ्यांचं गोडगोड चित्र काढत नाहीये. बधाईच्या पैशांत गुरूचा वाटा असतो, तो कधीकधी फार असतो, चेल्याला दुसरीकडे जायचं तर दंड भरावा लागतो, आणि त्याच घरात मी एकीला भांडी फेकताना पण पाहिलं. पण जन्माच्या घरात हे सगळं होत नाही असं कोण म्हणतं? त्या घरांना तरी कायद्यात जागा आहे.

आणि म्हाताऱ्या लोकांना कागदाची धास्ती असते ती उगीच नाही. १८७१ च्या इंग्रजांच्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टचा दुसरा भाग हिजड्यांची नोंदवही करण्यासाठीच होता. त्याआधारे बायकी कपडे घालून नाचलं तरी धरून नेत. भोपाळ तेव्हा बेगमांचं संस्थान, इंग्रजी मुलूख नव्हे, पण डेऱ्यांची नाती राज्याच्या सीमा बघून होत नाहीत, आठवणी पण नाही. नोंद झाली की धरपकड येते, हे दीडशे वर्षांचं शहाणपण आहे. ते एका पीपीटीने जात नाही.

सकाळी नानींनी स्वतःच तोड काढली. आधारच्या फॉर्मवर पत्त्यात "केअर ऑफ" अशी जागा असते. तिथे नातं सिद्ध करायचं नसतं, नुसतं नाव. "ये क्या होता है?" त्यांनी विचारलं. वर्धेच्या मैत्रिणीने सांगितलं, ज्याच्या काळजीत आहे त्याचं नाव. "तो लिखो मेरा."

चार दिवसांत नऊ अर्ज गेले. तेवीस जणींना हवे होते. बाकीचे कागदांपायी राहिले. हा आकडा संस्थेच्या अहवालात "३०० हून अधिक लाभार्थी" झाला, त्यात हॉलमधले, रस्त्यात पत्रकं दिलेले, सगळे धरले असावेत. असो.

आता फोटोचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बड्या तलावाच्या काठी बॅनर उघडला. अकरा जण, मोठा झेंडा. आमच्यात अमरावतीकडचा एक मुलगा होता, घरी एनएसएसचा कॅम्प सांगून आलेला. त्याची भेलमध्ये मावशी राहते, तिलासुद्धा तेच सांगितलं होतं. तो म्हणाला, मी फोटोत नको. समन्वयक म्हणाले, अरे मागे उभा रहा, दिसणार नाहीस. त्याच रात्री फोटो संस्थेच्या पानावर. आम्ही सगळे टॅग. खाली "अभिमानाचे शिलेदार" वगैरे. मावशीच्या मुलीने पाहिला, मावशीने पाहिला, आम्ही इटारसी ओलांडायच्या आत बापाचा फोन आला.

पुढचं थोडक्यात, कारण ते सांगायचा हक्क त्याचा आहे आणि त्याने एवढंच लिहायला परवानगी दिली आहे. फोन काढून घेतला, हॉस्टेल सुटलं, एका "समुपदेशका"कडे फेऱ्या झाल्या, वर्ष गेलं. आता तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो. घरचे बोलतात, पण या विषयावर नाही.

फोटो काढून टाका म्हणून मी त्याच रात्री फोन केला. उत्तर मिळालं, नोंदणीच्या फॉर्मवर त्याची सही आहे. होती. अकराव्या मुद्द्यात, "छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही". दोन दिवसांनी फोटो काढला, तोवर व्हायचं ते झालं होतं.

संस्थेची बाजूही मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. फोटोशिवाय निधी मिळत नाही. देणाऱ्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे हसरे चेहरे. शिवाय, समन्वयकांचंच म्हणणं, दिसणं हेच आपलं राजकारण आहे. १९९९ च्या २ जुलैला कोलकात्यात पंधराएक जण चालले नसते, तर पुढे काही झालं असतं का? लपून राहूनच ३७७ गेलं का?

नाही गेलं, मान्य. पण कोलकात्याच्या त्या पंधरा जणांनी स्वतः ठरवलं होतं की चालायचं. दिसण्याचं राजकारण दिसणाऱ्याने करायचं असतं. दुसऱ्याने त्याचा चेहरा वापरून केलं की ती जाहिरात. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा निकाल आला, तेव्हा त्यात खाजगीपणाचा हक्क हा एक मोठा आधार होता. त्या निकालाचे स्टेटस आपण सगळ्यांनी ठेवले. त्याच निकालाचं नाव घेणाऱ्या संस्थेने एकोणीस वर्षांच्या मुलाला "मागे उभा रहा" म्हणावं, हे मला आजही पचत नाही.

डेऱ्यात याचा नियम किती साधा होता बघा. पहिल्याच दिवशी कुणीतरी मोबाइल वर केला, तर नानी म्हणाल्या, "फोटू के पैसे लगते हैं, खाँ." सगळे हसले, मोबाइल खाली गेला. त्यांना ठाऊक आहे की चेहरा फुकट द्यायची वस्तू नाही. आम्ही पदव्युत्तर शिकलेली मुलं फॉर्मच्या अकराव्या मुद्द्यावर सह्या करून मोकळी होतो, आणि ज्यांना आम्ही जागृत करायला गेलो त्या प्रत्येक कागदावर अंगठा ठेवायच्या आधी विचारत होत्या, हे कुठे जाणार.

तर ज्यांनी विचारलं त्यांना माझं सांगणं असं. नेणाऱ्यांना आधी विचारा, फोटोंचं काय? "ग्रुप फोटो फक्त, टॅग नाही" हे उत्तर पुरेसं नाही. ज्याला नको तो फोटोत नाही आणि फोटो लागण्याआधी प्रत्येकाला दाखवला जाईल, हे लेखी मागा. देत नसतील तर जाऊ नका, वाईटपणा घ्या. दुसरं, तिथे पुन्हा कधी जाणार ते विचारा. ज्या नऊ जणींचे अर्ज गेले त्यातल्या तिघींचे त्रुटी दाखवून परत आले, तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं असं नियमात आहे तरी. ते पुन्हा भरायला कुणी गेलं नाही, संस्था तेव्हा दुसऱ्या शहरात जनजागृती करत होती. आम्ही तिघं डिसेंबरात स्वतःच्या खर्चाने गेलो. एकदाच जाऊन येणारी ट्रिप मला नकोच वाटते, त्यापेक्षा नागपूरच्या आपल्याच वस्त्यांत महिन्यातून एक रविवार बसा, तिथेही हेच फॉर्म आहेत, हेच बापाचे नंबर आहेत.

काही जण म्हणतील, हक्कांची चळवळ म्हणजे काय सेतू केंद्र आहे का? कायदा बदलायचा सोडून त्याचेच फॉर्म भरत बसायचं? मला हा प्रश्न खरा वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क नाकारला तेव्हा मीही रस्त्यावर होतो. पण बाराव्या कलमात गुरूच्या घराला जागा नाही, हे मी कुठल्या चर्चासत्रात शिकलो नाही, मला ते नानींच्या ओसरीत फॉर्म भरताना कळलं. कायद्याशी भांडायचं तर तो कुठे अडतो ते बोटाला लागायला हवं.

तिचं कार्ड आलं, पुढच्या वर्षी मार्चमध्ये. वर्धेच्या मैत्रिणीला तिने त्याचा फोटो पाठवला, नाव आणि नंबर अंगठ्याने झाकून. मायला दाखवलं का, असं विचारलं तर म्हणाली, "दाखवलं. फोनवर. म्हणे, फोटोत बारीक दिसतेस, जेवत जाय."

या वर्षी आम्ही पाच जण जाणार आहोत, कुठल्याही बॅनरशिवाय. प्रिंटर मिळाला आहे, माझ्या चुलतभावाचा, शाई भरून घ्यायची आहे. हिंदी टायपिंग येणारं आणि आधार केंद्रातल्या रांगेत न चिडता उभं राहू शकणारं कुणी असेल तर मला वैयक्तिक मेसेज करा. तिकिटं आपापली. राहायची सोय नानींनी केली आहे.